दहा बोटे आणि दोन अंगठे

दिवाळी आली की घरोघर एखादा तंटा हटकून उभा राहतो. आमच्या लहानपणी तो फटाक्यांच्या वाटणीवरून होई. लवंगी माळेतले किती फटाके कुणी हळूच सोडवून खिशात घातले, भुईनळा पेटवण्याचा मान यंदा कुणाचा, यावरून भावाभावांत भाऊबीजेपर्यंत अबोला टिके. पुढे रेडिओवर कोणते स्टेशन लावायचे यावरून घरात दोन पक्ष पडले आणि त्यानंतर टीव्हीचा रिमोट कुणाच्या उशाशी राहावा यावरून महाभारते झाली. आता ज्या घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुले आहेत, त्या घरात एक नवा तंटा ऐकू येतो. व्हिडिओ गेम खेळायचा तो की-बोर्ड आणि माउस घेऊन, की दोन्ही हातांत धरायच्या त्या कंट्रोलरवर?

वडीलधारे वाचक म्हणतील, हा काय प्रश्न झाला? खेळ तो खेळ. कशानेही खेळा, पण आधी अभ्यास उरका! परंतु जरा आठवून पाहा. दांडू बाभळीचा चांगला की बोरीचा, यावर आपण भर उन्हात तासन् तास वाद घातलेला आहे. हातातल्या हत्याराविषयी माणसाला एक माया असते आणि त्या मायेपोटी तो भांडतो. मुलांचे भांडण त्याच जातीचे आहे.

आता या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, तेही सांगून टाकतो. मी खेळाडू नव्हे. परंतु बोटे हा माझा धंदा होता. १९७८ साली मी यवतमाळात टायपिंगचा वर्ग काढला आणि पुढे सदतीस वर्षे सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दुसऱ्यांची बोटे पाहत बसलो. दारव्हा, आर्णी, घाटंजी, बाभूळगाव येथून पोरे-पोरी एस.टी.ने यायची. लिपिकाच्या जागेसाठी मराठीचे मिनिटाला तीस शब्द किंवा इंग्रजीचे चाळीस, एवढे एक प्रमाणपत्र मिळाले की घराचे दिवस पालटतील, या आशेने कापूस वेचून चिरलेली बोटे माझ्या यंत्रांवर बसत. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले आणि २००९ साली ते करणे थांबवले. या दोन तारखांच्या मधल्या काळात माझे सारे तारुण्य खर्ची पडले. २००१ साली एम.एस.-सी.आय.टी.चा अभ्यासक्रम सुरू झाला, तालुक्या-तालुक्यात संगणकाचे वर्ग निघाले आणि आमच्या जिल्ह्यातल्या हजारो हातांनी ‘माउस’ नावाची वस्तू पहिल्यांदा धरली. तो पहिला स्पर्शही मी जवळून पाहिला आहे. कुणी ती वस्तू अंड्यासारखी जपून धरी, कुणी पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्यासारखी दाबून.

अशा माणसाच्या घरी बोटांचा खटला उभा राहिला, तर न्यायाधीश कोण होणार हे निराळे सांगायला नको.

खटला उभा राहतो

गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी मुलांना सांगितले, “पाच हजारांच्या आत दोघांत मिळून एक वस्तू. भांडण झालं तर तीही नाही.” नातू नववीत आहे. तो म्हणाला, “कंट्रोलर!” नात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. ती म्हणाली, “की-बोर्ड आणि माउस. जुना की-बोर्ड बटणं खाऊन राहिला.” मग दोघेही माझ्याकडे आली.

“आबा, तुम्हीच सांगा,” नात म्हणाली, “दहा बोटं असताना हा दोन अंगठ्यांनी खेळायचं म्हणून राहिला. अंगठेबहाद्दर!”

हा वार नातवावर होता, पण लागला मला. टायपिंगमध्ये अंगठ्याला एकच काम: दोन शब्दांमधली जागा सोडणे. बाकीची सारी मजुरी आठ बोटांची. एका अर्थाने अंगठेबहाद्दरांना दहा बोटांचे करणे, हेच माझे आयुष्यभराचे काम. तेव्हा माझा कल कुणाकडे असेल, हे नातीने बरोबर हेरले होते. परंतु न्यायाधीशाने कल बाजूला ठेवून पुरावा पाहायचा असतो. तेव्हा दिवाळीचे फराळाचे डबे भरले जात असताना मी या विषयाचा अभ्यास आरंभला.

ही हत्यारे आली कुठून?

पहिली गंमत अशी, की की-बोर्ड आणि माउस यांपैकी एकही वस्तू खेळण्यासाठी जन्माला आलेली नाही. की-बोर्डावरची अक्षरांची मांडणी अमेरिकेतल्या शोल्स नावाच्या गृहस्थाच्या टंकलेखनयंत्रावरची. ते यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली विकायला काढले. माउसचा पहिला नमुना डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ साली तयार झाला. तो लाकडाचा होता! ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला, तो मजकूर लिहिण्या-खोडण्याच्या कामासाठी. म्हणजे ही दोन्ही कचेरीची माणसे. खेळाच्या मैदानावर ती पाहुणी म्हणून आली आणि मुक्कामाला राहिली.

कंट्रोलरचे तसे नाही. तो खेळासाठीच जन्मला आणि दुखण्यातून जन्मला. १९६२ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत काही तरुणांनी एका अवाढव्य संगणकावर ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ रचला. दोन अवकाशयाने, एकमेकांवर मारा. सुरुवातीला ती याने यंत्राच्या अंगावरच्या खटक्यांनी चालवावी लागत आणि खेळून खेळून कोपर भरून येई. ही मंडळी खेळण्यातल्या आगगाड्यांच्या एका क्लबाचीही सभासद होती. तिथल्या सुट्या सामानातून त्यांनी हातात धरायच्या दोन पेट्या बनवल्या. आता दोघे आरामात बसून खेळू लागले. कोपर दुखला म्हणून कंट्रोलर आला, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

१९८२ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीतल्या गुनपेई योकोई यांनी अधिकचिन्हाच्या आकाराचे एक बटण काढले. डाव्या अंगठ्याखाली चार दिशा आल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे खेळ गल्लोगल्ली आले, ज्यावर आज चाळिशीत असलेल्या पिढीने ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळून सुट्ट्या घालवल्या, ते बहुतेक याच कंपनीच्या १९८३ सालच्या यंत्राच्या नकला होते. पुढे १९९६ साली निन्टेंडोने अंगठ्याने कलती करायची छोटी दांडी आणली, आणि सोनी कंपनीने १९९७ साली अशा दोन दांड्या एकाच कंट्रोलरवर बसवल्या. आजच्या कंट्रोलरचा चेहरामोहरा त्या वर्षी ठरला.

की-बोर्डाच्या बाजूचा पराक्रमही त्याच वर्षीचा. डेनिस फाँग नावाच्या तरुणाने १९९७ साली ‘क्वेक’ या खेळाची मोठी स्पर्धा जिंकली आणि खेळाच्या कर्त्याने स्वतःची फेरारी मोटार त्याला बक्षीस दिली. हा फाँग डावा हात बाणांच्या बटणांवर न ठेवता डब्ल्यू, ए, एस, डी या अक्षरांवर ठेवी आणि उजव्या हाताने माउस चालवी. ती बैठक पुष्कळांनी उचलली. आज आमची नात त्याच बैठकीत बसते. मला प्रथम ते पाहवेना. डावा हात होम रोवरून एक घर सरकलेला, मधले बोट वरच्या ओळीत चढलेले! माझ्या वर्गात असे कुणी बसले असते, तर फूटपट्टी उचलली गेली असती. परंतु तिथे शब्द टंकायचे नव्हते, चालायचे होते. आणि चालण्यासाठी ती बैठक सोयीची आहे.

रांगोळी आणि कासरा

आता मुद्द्याचे. माउस आणि दांडी यांत फरक काय?

रांगोळी काढताना हात जिथे जातो तिथेच रेघ उमटते. हात थांबला की रेघ थांबली. बोटभर सरकलात तर बोटभरच ओळ. माउसचे तसे आहे. हाताने जेवढे अंतर कापले, तेवढेच पडद्यावरच्या नेमाने कापले. डोळा पाहतो आणि हात पोचतो, मध्ये हिशेब नाही. म्हणून नेम धरायच्या खेळात माउसवाला वरचढ ठरतो.

कंट्रोलरची दांडी म्हणजे बैलगाडीचा कासरा. कासरा ओढला की बैल वळू लागतात, आणि ओढलेला असेतोवर वळतच राहतात. जास्त ओढलात तर लवकर वळतील, कमी ओढलात तर सावकाश. पण थांबवायचे तर वेळेवर सैल सोडावा लागतो. दांडी नेमाला जागा सांगत नाही, वेग सांगते. म्हणजे लक्ष्यावर नेम आणायचा तर किती वेळ दांडी कलती ठेवायची, याचा अंदाज मनात बांधावा लागतो. पटाईत गाडीवान ते लीलया करतो. नवखा गाडी धुऱ्यावर घालतो.

हे खेळ बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. म्हणून कंट्रोलरने खेळणाऱ्याला ते गुपचूप हात देतात. नेम लक्ष्याजवळ आला की तो किंचित जड होतो, घसरत नाही. नातीच्या मते ही सरळ लबाडी. नातवाच्या मते हा न्याय. कुस्तीत वजनाचे गट असतात तसेच यात हत्यारांचे गट पाडण्याची पद्धतही आहे. २०१९ सालच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’ या खेळात संगणकावरचे आणि टीव्हीवरचे खेळाडू एकत्र आले, तेव्हा कंट्रोलरवाल्यांची गाठ कंट्रोलरवाल्यांशी आणि माउसवाल्यांची माउसवाल्यांशी घालण्याची सोय करावी लागली.

हुकमतीचे खेळ तर माउससाठीच बेतलेले असतात. १९९७ साली आलेला ‘एज ऑफ एम्पायर्स’ घ्या. गावे वसवायची, शेते पिकवायची, सैन्य उभारायचे. पडद्यावरच्या सैनिकांच्या घोळक्याभोवती माउसने एक चौकोन ओढला की ते एका हुकमात निघतात. हेच काम दांडीने करणे म्हणजे चिमट्याने तांदूळ निवडणे.

दिव्याचे बटण आणि पंख्याचा रेग्युलेटर

इथवर नात खटला जिंकत आली होती. परंतु आता डाव्या हाताकडे पाहा.

की-बोर्डाचे बटण म्हणजे दिव्याचे बटण. चालू किंवा बंद. अधला-मधला प्रकार नाही. चार बटणांनी चार दिशा, दोन-दोन जोडून दाबली तर आठ. एरवी माणूस चालतो तो तीनशेसाठ अंशांत, कधी रमतगमत, कधी लगबगीने. दांडी म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. अंगठा जरासा कलता केला की खेळातला गडी दबकत चालतो, पूर्ण कलता केला की धावत सुटतो, आणि हव्या त्या कोनात जातो. मोटारीच्या शर्यतीत तर हा फरक अंगावर येतो. की-बोर्डावर ‘डावीकडे’ म्हटले की मोटार पूर्ण डावीकडे झडप घालते. मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. यवतमाळहून आर्णीला एखाद्याने अशी गाडी नेली, तर लोक रस्ता सोडून शेतात उतरतील! कंट्रोलरच्या मागच्या बाजूला तर्जनीखाली जो घोडा असतो, तो थोडा दाबला तर थोडा वेग आणि पुरा दाबला तर पुरा. खऱ्या मोटारीतल्या ॲक्सिलरेटरसारखाच.

आणि एक गोष्ट. हल्ली पुष्कळ मुले मोबाइलच्या काचेवर खेळतात. काचेला कड नसते. बोट कुठे आहे हे बोटाला कळत नाही, डोळ्याला विचारावे लागते. की-बोर्डावर ‘एफ’ आणि ‘जे’ या अक्षरांवर बारीक उंचवटा का असतो, हे मी पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला विचारीत असे. उत्तर एकच: बोटाला आपले घर अंधारातही सापडावे म्हणून. कंट्रोलरच्या दांड्यांना खोलगट टोपी असते ती त्याचसाठी. यंत्र कोणतेही असो, हाताला घर मिळाले की डोळे मोकळे होतात. या एका बाबतीत दोन्ही पक्षकार एकाच बाजूचे आहेत.

खोटे कोण बोलले?

नातीने ‘जुना की-बोर्ड बटणं खातो’ असे म्हटले होते, ते पुरावा म्हणून तपासणे आवश्यक होते. २००९ सालापासून ‘फायरबॉय अँड वॉटरगर्ल’ नावाचा एक साधा खेळ मुलांत प्रिय आहे. एक विस्तवाचा मुलगा, एक पाण्याची मुलगी. दोघांनी एकमेकांना सांभाळत देवळातून बाहेर पडायचे. दोन खेळाडू एकाच की-बोर्डावर बसतात, एक बाणांवर, दुसरा अक्षरांवर. भावंडांनी मिळून खेळावा असा हा गोड खेळ. आणि आमच्याकडे त्यावरून रोज रडारड.

“तू उडीच नाही मारली!”

“मी दाबलं होतं!”

“दाबलं असतं तर मारली नसती का?”

मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो आणि पडद्याकडे न पाहता फक्त बोटे पाहिली. नातीचे बोट बटणावर पुरते बसले होते. ती खरे बोलत होती. भावाचीही चूक नव्हती, कारण पडद्यावर उडी दिसलीच नव्हती. मग खोटे कोण?

खोटा की-बोर्ड. साध्या की-बोर्डाच्या पोटात प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. बाजेच्या विणीसारखी आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि जिथे दोन तारा भेटतात तिथे एक बटण. एक-दोन बटणे दाबली तर जाळीला ती नेमकी ओळखता येतात. परंतु एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले, तर चौथा कोपराही दाबल्याचा भास यंत्राला होतो. असे भुताटकीचे अक्षर उमटू नये म्हणून की-बोर्ड अशा वेळी तिसरे बटण ऐकतच नाही. टंकणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही, कारण तो एका वेळी एकच अक्षर मारतो. पण दोन मुले चार-चार बटणे धरून बसली, की एकाची हाक विरून जाते. घरी पाहायचे असेल तर नोटपॅड उघडा, तीन-चार अक्षरे नेमकी एकदम दाबा आणि किती उमटली ते मोजा. खेळासाठी मुद्दाम केलेल्या महागड्या की-बोर्डांत हा दोष काढलेला असतो. दोन खेळाडूंना दोन स्वतंत्र वस्तू दिल्या, म्हणजे एक की-बोर्डावर आणि दुसरा कंट्रोलरवर, तरीही तो सुटतो.

हे सांगितल्यावर दोघे जरा वेळ गप्प झाली. मग नातू बहिणीला म्हणाला, “मग तू काल खरंच दाबलं होतं.” आमच्या घरात माफी एवढीच मागतात.

तिसरा पक्षकार

इथे या खटल्यात एक असा पक्षकार आला, ज्याने अर्जच केला नव्हता.

माझ्या पुतण्याचा मुलगा दारव्हा तालुक्यातल्या आमच्या मूळ गावाहून अकरावीला आमच्याकडे राहायला आला आहे. तो दहा वर्षांचा असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट गेले. ज्यांच्या गोठ्यात ते यंत्र आहे, त्यांना अधिक सांगायला नको. मुलगा हुशार, बोलायला कमी. नातवंडे खेळायला बसली की हा दाराशी उभा राहून पाही. डावा हात खिशात. कुणी बोलावले तर म्हणे, “तुम्ही खेळा. मी पायतो.”

सगळ्यांना वाटे, याला खेळाची आवड नाही. एके दुपारी तो एकटाच संगणकासमोर बसलेला मला दिसला. डावा हात की-बोर्डावर होता. डब्ल्यू, ए, एस, डी ही बैठक म्हणजे तर्जनी, मधले आणि अनामिका या तिघांचे काम. त्यातली दोघे त्याच्यापाशी नाहीत. अनामिका एकटी चार घरांत धावत होती आणि पडद्यावरचा गडी भिंतीवर आपटत होता. मला पाहून त्याने हात काढला.

“मले नाही जमत, आबाजी. माह्या हाताले नाही जमत.”

वाचकहो, सदतीस वर्षांत हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडून ऐकले आहे आणि त्याला माझे उत्तर ठरलेले आहे: हाताला जमत नसेल तर मांडणी बदला. मी चिरंजीवांना सांगून त्यांच्या मित्राकडचा एक कंट्रोलर दोन दिवसांसाठी मागवला. पोराच्या हातात दिला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मिळून मूठ धरायला पुरेशी होती आणि चालण्याचे सारे काम अंगठ्याकडे गेले होते. त्याचा अंगठा धडधाकट आहे. अडचण उरली ती डाव्या तर्जनीखालच्या बटणांची. नातीने सेटिंगमध्ये जाऊन ती उजव्या बाजूला नेऊन बसवली. पाच मिनिटांचे काम! ही सोय संगणकात आणि टीव्हीला जोडायच्या नव्या यंत्रांतही असते, पण ती आहे हे पुष्कळ घरांत कुणी उघडून पाहत नाही.

नातवाने त्याला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ लावून दिला. हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केलेला, २०२० साली बाहेर आला. राजी ही कसरती करणारी मुलगी. जत्रेतून तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि दुर्गेचा आशीर्वाद घेऊन ती त्याच्या शोधाला निघते. कॅमेरा खेळच सांभाळतो, त्यामुळे नेमाची यातायात नाही. धावायचे, उड्या मारायच्या, भिंतींवर चढायचे, त्रिशूळ फिरवायचा. रात्री सूनबाईंनी तीनदा जेवायला हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला तो पोरगा मोठ्याने म्हणाला, “एक मिनिट वहिनी, पूल पडून राहिला!” एवढ्या मोठ्याने बोलताना आम्ही त्याला प्रथमच ऐकले. सूनबाईंनी ताट झाकून ठेवले आणि काही बोलल्या नाहीत.

मोठ्या कंपन्यांनीही या बाजूने विचार केला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली आणि सोनीने २०२३ साली खास अशा हातांसाठी कंट्रोलर काढले. त्यांना मोठी बटणे, पायाने दाबायच्या कळा, हवे ते जोडता येते. कोपर दुखला म्हणून पहिली पेटी बनली होती. साठ वर्षांनी त्याच वाटेने ही पुढची पावले पडली आहेत.

दुसरी बाजू

मग कंट्रोलर जिंकला, असे म्हणायचे का? तसेही नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या हिने हौसेने तो हातात घेतला. हिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे. पोळ्या लाटताना लाटणे धरणेही कठीण जाते. दहा मिनिटांत तिने कंट्रोलर खाली ठेवला. तिला माउसच बरा. हात अख्खा सरकवायचा, अंगठ्यावर भार नाही. त्यावर ती पत्त्यांचा डाव लावते आणि गेली सहा वर्षे घरात तिच्याइतके डाव कुणी सोडवलेले नाहीत. एका घरात एकाच्या हाताला जे वरदान, ते दुसऱ्याच्या हाताला शिक्षा!

तरुण हातांनाही हे लागू आहे. तासन् तास दांडी फिरवली तर अंगठ्याच्या मुळाची शीर धरते. तासन् तास माउस धरला तर मनगट. टायपिंगच्या वर्गातले नियम इथेही कामाला येतात. पाठ टेकलेली, कोपर टेबलाच्या उंचीला, मनगट टेबलाच्या कडेवर न दाबता सरळ, आणि अर्ध्या तासाने उठून हात झटकून येणे. आईबाप ‘खेळ बंद कर’ म्हणून ओरडतात, ते मुलांना ऐकू येत नाही. ‘उठून पाणी पिऊन ये’ म्हटले तर ती ऐकतात. करून पाहावे.

निकाल

शेवटी निकाल दिला, तो असा.

नेम धरायचा आणि हुकमत चालवायची असेल, तर माउस आणि की-बोर्ड. धावायचे, मोटार हाकायची, फुटबॉल खेळायचा आणि सतरंजीवर शेजारी-शेजारी बसायचे असेल, तर कंट्रोलर. दोन मुलांना एकाच की-बोर्डावर बसवून भांडू नका म्हणणे, हा मुलांवर अन्याय. पैशाची गोष्ट म्हणाल, तर साधी की-बोर्ड-माउसची जोडी हजाराच्या आत मिळते आणि तीवर अभ्यास, अर्ज, टायपिंग सारे होते. नामांकित कंट्रोलर पाच हजारांच्या घरात जातो आणि तो खेळण्याशिवाय दुसरे काही करीत नाही. तेव्हा ज्या घरात अजून काहीच नाही, त्यांनी आधी की-बोर्ड घ्यावा.

आमच्या घरात मात्र कंट्रोलर घ्यावा, असे मी सांगितले. मध्यम किमतीचा घेतला आणि उरलेल्या पैशांत नातीला एक बरा माउस आला. नातू उड्या मारीत म्हणाला, “मी जिंकलो!” नात म्हणाली, “तू नाही जिंकला. विचार आबांना.”

तिचे खरे होते. निकाल नातवाच्या बाजूने लागला नाही आणि कंट्रोलर श्रेष्ठ ठरला म्हणूनही लागला नाही. की-बोर्डावर आमच्याकडे दोघांना जागा होती आणि एकजण दाराशी उभा होता. जी वस्तू घेतल्याने दाराशी उभा असलेला आत येऊन बसतो, ती त्या घरापुरती श्रेष्ठ. उद्या दुसऱ्या घरात हाच हिशेब माउसच्या बाजूने लागेल, तिसऱ्या घरात एखाद्या मोठ्या बटणांच्या पेटीच्या बाजूने.

या दिवाळीत मुलांसाठी असे काही घ्यायला बाजारात निघालात, तर दुकानदाराला ‘कुठलं चांगलं?’ असे विचारू नका. तो महागाचे नाव सांगेल. घरातून निघण्यापूर्वी सगळ्यांचे हात पाहून घ्या. लहानांचे, म्हाताऱ्यांचे आणि खिशात घातलेलेही.